वाळून किती?

११ ऑगस्ट, सोमवार

नफा चार लाख दहा हजार!

म्हणजे आमचा नफा. आमचे ऑडिटर जुनेदभाई, त्यांनी तपासलेल्या हिशेबात पाच लाख साठ हजारांचा तोटा आहे. पण त्यातून हळद शिजवायच्या बॉयलरची दुरुस्ती आणि पावसात भिजून वाया गेलेली हळद बाजूला काढली, 'एकवेळचे खर्च' म्हणून, की होतो नफा. नाव 'समायोजित नफा'. हे नाव मीच आणलं, तीन वर्षांपूर्वी. कुठल्याशा प्रशिक्षणात एका मोठ्या कंपनीचा अहवाल दाखवला होता, त्यात असाच आकडा पहिल्या पानावर ठळक छापलेला. मला वाटलं, त्यांना चालतं तर डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या तीनशे बारा शेतकऱ्यांच्या हळद कंपनीला का नाही? अध्यक्ष तातेराव काकांना तो इतका आवडला की माझी पगारवाढच त्याला बांधून टाकली. आकडा वाढला की हिशेब लिहिणाऱ्या प्रतिक्षाचा पगार वाढला.

यंदाही वाढला. आईला साडी घेणार.

१३ ऑगस्ट

हिंगोलीला गेले, सह्या आणायला. जुनेदभाई चष्मा कपाळावर चढवून आमच्या अहवालाचं पहिलं पान बघत बसले. मी म्हटलं, "हे कायद्यात बसतं ना?"

"देखो, कायदा असा आकडा लिहा म्हणत नाही, अन् लिहू नका असंबी म्हणत नाही. तुमची मर्जी. पण लिहायचा तर खरा आकडा आधी, अन् तेवढ्याच मोठ्या अक्षरात." मग पान उलटलं. "बस एक बात बताओ. ये एकवेळचा खर्च हर साल कैसे आता है?"

मला रागच आला. चहासुद्धा न पिता निघाले.

१४ ऑगस्ट

हर साल कैसे आता है. मेलं डोक्यातून जात नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शेवटी तिन्ही वर्षांचे अहवाल काढले. बॉयलर तीनदा बिघडला. अवकाळी पावसानं अंगणात वाळत घातलेली हळद तीनदा भिजवली. दरवर्षी एप्रिलात येतो तो पाऊस, आणि दरवर्षी आम्ही तोंडात बोट घालतो!

बाजूला काढलेल्या खर्चांची बेरीज तेवीस लाख वीस हजार. खरा तोटा तीन वर्षांचा मिळून तेरा लाख दहा हजार. आणि आम्ही सभासदांना सांगितलेला नफा दहा लाख दहा हजार. मी कॅल्क्युलेटर दोनदा पुसून पाहिला.

त्याच फाईलमध्ये खाली एक पिवळं पडलेलं अंदाजपत्रक सापडलं. हळद वाळवायला सिमेंटचा ओटा आणि वर पत्र्याची शेड, नऊ लाख वीस हजार. पहिल्याच वर्षीचं! मागं शेरा: 'कंपनी नफ्यात आहे, तूर्त घाई नको.' खाली संचालकांच्या सह्या. सभेचा वृत्तान्त मीच लिहिलेला, माझ्याच सुंदर अक्षरात.

म्हणजे माझ्या आकड्यानं फक्त तोटा झाकला नाही, छत पण येऊ दिलं नाही. लाज वाटली. खरंच वाटली.

२३ ऑगस्ट

पोळा झाला म्हणून तातेराव काका मजेत होते. मी सगळं समोर मांडलं, म्हटलं यंदा खरा आकडा मोठा छापू. पुरणपोळीचा रंग उतरला चेहऱ्यावरचा.

"काहून घाबरवतीस लोकायला? व्यापारी आधीच क्विंटलमागं शंभर रुपये जास्त देऊन राहिले. तोटा दिसला की सगळे हळद बाजारात नेतील. हळदच आली न्हाई तर कंपनी कशाची चालवतीस?" मग जरा मऊ आवाजात, "अन् तुझा पगार, पोरी?"

यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच तर पंचाईत आहे. हळद नाही आली तर बॉयलर थंड, पॉलिशचा ड्रम थंड, आणि मी परत कुणाच्या तरी दुकानात जीएसटी भरत बसणार. मला ही कंपनी आवडते. इथला पिवळा धुरळा केसात जातो तोही आवडतो.

२८ ऑगस्ट

प्रूफ पास केलं. जुनंच पहिलं पान, चार लाख दहा हजार. पुस्तिका उद्या सगळ्यांना जातील. भित्री आहे मी. दुसरं काही लिहायचं नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

जमनाकाकूंकडे महालक्ष्म्यांचं जेवण. काकू आमच्या संचालक मंडळातल्या एकट्या बाई. शाळा चौथीपर्यंत, पण हळदीतलं त्यांच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही.

पंगतीत त्यांचा भाचा वैजनाथ फुशारक्या मारत होता, मागच्या सालात एकरी दीडशे क्विंटल हळद काढली म्हणे. बाया 'अगं बाई' करायला लागल्या. काकू वाढता वाढता थांबल्या.

"वाळून किती?"

वैजनाथ भाताकडे बघत म्हणाला, "पंचवीस भरली."

"मंग पंचवीस म्हण की! ओल्याचं काय सांगतूस, त्यात पाणीच लई."

सगळ्या हसल्या. आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं, हळदीचं ओलं वजन सांगणारा माणूस बढाईखोर. सोयरीक बघायला आलेला पाहुणासुद्धा विचारतो, वाळून किती? आणि मी तीन वर्षं ओला आकडा पहिल्या पानावर छापतेय.

जेवणं झाल्यावर मागल्या अंगणात काकूंना सगळं सांगितलं. रडलेही थोडी. काकूंनी ऐकून घेतलं, खरकट्या हातानं पाठीवर थोपटलं, साडीला डाग पडला. "सभेत मी इचारीन. तू फक्त बराबर उत्तर दे."

१४ सप्टेंबर, रविवार

सभा झाली. आजच लिहून ठेवायचं.

पितरांच्या पंधरवड्यात सभा ठेवली म्हणून आधीच कुरकुर होती. दोनशेच्या वर माणसं. तातेराव काकांनी फेटा बांधलेला. मी अहवाल वाचला, नफा चार लाख दहा हजार म्हटलं, टाळ्या पडल्या. आणि बायकांच्या रांगेतून आवाज आला.

"प्रतिक्षा, वाळून किती?"

हसले लोक. मी माईक घट्ट धरला. म्हटलं, "वाळून पाच लाख साठ हजारांचा तोटा आहे. मागच्या दोन्ही वर्षी पण तोटाच होता. हा ओला आकडा काढायची युक्ती माझी. त्यावर मी पगारवाढ घेतली. यंदाची घेणार नाही."

काय गलका उठला! रामकिशन नावाचे म्हातारे सभासद खुर्ची ढकलून उभे राहिले. "तीन वर्सं आमाला येडं बनवून राहिले व्हय?" दहा-पंधरा जण उठून गेलेच. तातेराव काका माईक मागत होते, तेवढ्यात जमनाकाकू उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष, नफा एवढा होता तर तुमची सोताची हळद कुठं जाती?"

काका फेट्याचा शेमला चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "हिंगोलीच्या बाजारात. तिथं रोख मिळते."

तीन वर्षं! मला हे माहीतच नव्हतं असं नाही. त्यांच्या नावाची पावती कधी फाडली नाही, हे मला दिसत होतं. मी विचारलं नाही एवढंच. आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता, माझाही नव्हता. बाकीच्यांनी ठेवावा अशी आमची अपेक्षा!

मग मी बेरीज सांगितली, शेडचं अंदाजपत्रक वाचलं. काकूंनी हिशेब बोटांवर केला असावा, "माणशी तीन हजार पडतेत. मी आत्ता देते," आणि कमरेची पिशवी सोडली. रामकिशनबाबा पुढं आले. म्हणाले, "आता खरं सांगितलं म्हणून देतो. फिरून ओलं दाखवलं तर याद राख."

१५ सप्टेंबर

सत्तेचाळीस जणांनी पैसे दिले. तातेराव काका फोन उचलत नाहीत.

२१ डिसेंबर

शेडचे पत्रे चढले! दोनशे सहा जणांचे पैसे आले, उरलेले ठेकेदार हप्त्यानं घेणार आहे. बॉयलरच्या नळ्यासुद्धा बदलून झाल्या. ओट्यावर अनवाणी चालून बघितलं. गार, सपाट. आता आभाळानं कितीही तोंड वेंगाडू दे.

काका उद्घाटनाला आले नाहीत. नारळ काकूंनी फोडला.

९ मार्च, सोमवार

हळद काढणी सुरू होऊन आठवडा झाला. आमच्याकडे आले सात जण. सात! जमनाकाकू आणि रामकिशनबाबा धरून. बाकीचे शेतात उभे राहून एकमेकांकडे बघतायत, आधी कोण जातो म्हणून. व्यापाऱ्यांचे टेम्पो बांधावर फिरतायत. एवढी मोठी शेड आणि कोपऱ्यात एवढासा ढीग. खरं बोलल्याचं हे फळ असेल तर असो, असं म्हणायला सोपं आहे. म्हणवत नाही.

तरी सकाळी झाडून घेतलं सगळं. येतील.

१२ मार्च

सकाळी फाटकात ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, काठोकाठ ओली हळद, मातीसकट. वर तातेराव काका. मागं रस्त्यावर आणखी ट्रॅक्टर उभे, मला पुलापर्यंत दिसले, पुढचे मोजले नाहीत. मी पावतीपुस्तक घेऊन धावले. "काका, किती क्विंटल लिहू?"

"आत्ताच काय लिहतीस? वाळू दे."