टोपीवाल्याची होडी

३ मार्च

सहा लाख! जुन्या शिडाच्या होडीचे! वर ‘भाव एकच, साहेब.’ मालक डोक्यावरची कप्तानाची टोपीसुद्धा काढत नाही. मी घासाघीस करणार होतो, पण डोळे होडीवरून हलेनात — आणि ते त्याने बरोबर हेरलं.

घरी बायकोला सांगितलं. ‘भाव एकच म्हणणाऱ्याकडे दोन तरी असतात,’ म्हणाली. ‘मी येते. पण नुसता भाव करायला. होडीत पाय ठेवणार नाही. तुझी हौस, तू बूड.’

पाण्याची भीती तिला लहानपणापासून. मला होडी हवीय, पण एकट्याला नकोय. हे तिला सांगून उपयोग नाही.

९ मार्च

तपासनीस आला. छोट्या हातोडीने ठोकत गेला — टक, टक, टक. डोलकाठीच्या बुंध्याशी थप्प! ‘इथे पाणी मुरतंय,’ म्हणाला. आणि बिचारा अगदी सरळ अर्थाने म्हणत होता!

‘ते जुनं आहे,’ टोपीवाला म्हणाला. ‘आता थेंब येत नाही.’

‘मग तळाची फळी उचला आणि खाली कोरडा कागद ठेवा,’ बायको धक्क्यावरूनच म्हणाली. ‘तोवर आपण चहा घेऊ.’

चहा झाला. कागद चिंब! टोपीवाल्याने पहिल्यांदा टोपी काढली. काय ती घटका!

१० मार्च

ही पुन्हा पार्लरला! हल्ली दर आठवड्याला. केस तर तेच दिसतात. बोलायची सोय नाही.

१४ मार्च

टोपीवाल्याच्या घरी बैठक. तो पाचवर आला. मी ‘हो’ म्हणणारच होतो — टेबलाखालून पायावर हिचा पाय पडला.

‘साडेतीन,’ ही म्हणाली.

‘त्यापेक्षा जाळून टाकीन, बाई!’

‘ओली आहे. पेटायची नाही.’

तो हसला, आणि हसला तिथेच फसला. चार लाख, वर नवं शीड! मी मनातल्या मनात नाचतोय, तेवढ्यात ही म्हणते, ‘आणि लाइफ जॅकेटं दोन.’

‘एक देतो. साहेब एकटेच जाणार ना? तुम्हीच म्हणालात.’

‘दोन.’

‘अहो, चारवर आलो, आता आणखी किती सोलाल?’

ही पर्स उचलून उठली. दारापर्यंत गेली! एका जॅकेटपायी होडी हातची जाते की काय! असा राग आला की हिला मागे ओढणारच होतो. नाही ओढलं तेच बरं झालं, कारण मागून तो ओरडला, ‘घ्या दोन! घ्या!’

जिंकलो!! वाटेत विचारलं, दुसरं कशाला गं? ‘मागायला काय जातं?’

१५ मार्च

ऑफिसात कागदाची गोष्ट चार वेळा सांगितली. हिच्यापुढे भलेभले पाणी भरतील. फक्त एकट्याने जायचं, एवढंच टोचतंय.

२० एप्रिल

दुरुस्ती झाली. बुंध्याशी स्वतः ठोकून पाहिलं — टक! उद्या निघायचं.

२१ एप्रिल

उठलो तर ही घरात नाही. धक्क्यावर गेलो. होडीत बसलेली — अंगात दुसरं जॅकेट, दोन्ही हातांनी कठडा गच्च धरलेला, चेहरा पांढराफटक.

‘पार्लर नव्हतं ते,’ म्हणाली. ‘पोहायला शिकत होते. सोड ती दोरी लवकर, माझा विचार बदलायच्या आत.’