स्पितीचा सीझन मी सांगतो

२ मार्च २०२५
आजपासून रोजनिशी. स्पितीला जाऊन येईपर्यंत एकही दिवस खाडा नाही.

लोणंदच्या शाळेत एकवीस वर्षं भूगोल शिकवतोय. हिमालय फळ्यावर डोळे मिटून काढतो. प्रत्यक्ष बघायचा तेवढा राहिलाय. यंदा बघणारच. बारा हजार फुटांवरची दरी, आणि बेस्ट सीझन सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. पाऊस सरलेला, रस्ते उघडे, थंडी बेताची. मागच्या सप्टेंबरात चाचणी परीक्षा आली, त्याआधी गुडघा, त्याआधी गणपती. माझा दोष शून्य. मंगल म्हणाली, आवं, तीन सप्टेंबर झालं नुसतं ऐकतीया. हिला प्लॅनिंग कळत नाही.

९ मार्च
सहा दिवस खाडा. अभ्यास चालू होता.

२७ एप्रिल
साडू आला. बिरदेव. मंगलच्या धाकट्या बहिणीचा, प्रांजलचा नवरा. माणदेशी मेंढपाळ, दोनशे मेंढरं, शिक्षण सातवी. चहाचा घोट घेत म्हणाला, मेंढपाळांच्या संघाची गाडी चाललीय, तिकडची मेंढरं नि लोकर बघायला. बायकामाणसंबी येनार. कुठं, विचारलं. म्हणाला, स्पिती का काय ते.

स्पिती का काय ते!

वर मलाच विचारतो, गुरुजी, तुमी शिकल्यालं मानूस, कवा जावं सांगा. मी सांगून टाकलं, जुलैचा शेवट, एकदम बेस्ट. त्याला लगेच पटलं, पावसाळ्यात मेंढरं गावाकडंच असतात. जुलैत त्या वाटेवर दरडी कोसळतात हे बोललो नाही. त्यानं विचारलं नव्हतं.

मी जळत बिळत नाही. जळायचं काय त्यात? अडकेल दोन दिवस वाटेत आणि येईल माघारी. त्यालाही अनुभव.

२८ एप्रिल
जळतोय. लय जळतोय. इथं लिहायला काय हरकत आहे, वाचणारा मीच.

१५ जून
म्हसवडला लग्न. मांडवात जो भेटेल तो विचारतोय, बिरदेवला स्पितीची तारीख तुम्हीच काढून दिली म्हणे. त्याच्याभोवती ही गर्दी. माझ्याभोवती आईस्क्रीमवाला.

जेवताना बिरदेव शेजारी येऊन बसला. गुरुजी, तुमास्नी जमतंय का जुलैत? म्हणाला. मी म्हटलं, मी कळपातून फिरत नाही. मेंढपाळाला! मान खाली घालून आमटी ओरपायला लागला बिचारा. जिंकलो.

५ जुलै
मंगल जाणार. बहिणीबरोबर. मला विचारलं नाही, सांगितलं. वांगी चिरता चिरता म्हणाली, जुलै बेस्ट असं तुमीच म्हणालाय की. तोंडात मारल्यासारखं झालं. सप्टेंबरात आपण दोघं जाऊ, म्हटलं. हसली आणि पुढचं वांगं घेतलं.

१९ जुलै
टीव्हीवर तिकडची दरड. अख्खा रस्ता नदीत. टीव्ही बंद केला. परत लावला.

मंगलनं मफलर घेतलाय, पिवळा. गाडीत कुठं बसणार कोण जाणे, दरीकडच्या बाजूला का डोंगराकडच्या. दिवसभर तेच डोक्यात. बिरदेवचं वाटोळं व्हावं असं वाटलं होतं हे खरं, पण मंगल त्यात धरली नव्हती.

उद्या सांगून टाकतो.

२० जुलै
उद्या.

२६ जुलै
निघाले. गाडी दारात आली, बॅगा वर चढल्या, तेव्हा कुठं तोंड उघडलं. सगळ्यांसमोर. जुलै चुकीचा आहे, दरडी पडतात, मला ठाऊक होतं, मी जळून सांगितलं, मंगल, तू जाऊ नकोस.

बिरदेव दोरी आवळत होता. म्हणाला, ठावं हाय, गुरुजी. एप्रिलातच तिकडच्या एका मेंढक्याला फोन लावला हुता. त्यो म्हनला, चार दिस जास्तीचं धरून या. तसं धरल्यात. मग जुलैच का, मी ओरडलो. तर म्हणतो, मेंढरं तवाच घरी असत्यात. आमास्नी दुसरा शिजन कुठं हाय?

मंगलला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, तुमचं नाव बिरदेव दाजींनी यादीत पयलंच घातलं हुतं. तुमी लग्नात न्हाई म्हनला. त्या जागेवर बिरदेवची आई चाललीय, अंबूबाई, वय चौऱ्याहत्तर. खिडकीला बसून भडंग खात होती.

३ ऑगस्ट
सकाळी मंगलचा फोन. पोचले. वाटेत दरड पडलीच, दोन दिवस थांबले, गावकऱ्यांनी जेवू घातलं, बिरदेवनं त्यांची मेंढरं कातरून दिली. सगळे खूश. माझ्या काळजाला घरं पडली. म्हणाली, आवं, इथं आपल्या माणदेशासारखंच उघडंबोडकं हाय, पाऊस कसा न्हाई?

अखेर माझा विषय! पर्जन्यछाया, वारे, उंची, सगळं व्यवस्थित समजावलं. दहा मिनिटं. समजलं का, विचारलं. तर अंबूबाईचा आवाज. मंगल फोन तिच्या हातात देऊन केव्हाच बर्फाचा डोंगर बघायला गेली होती.

अंबूबाई म्हणाली, लय ग्वाड सांगतोस बाबा. एवढं सारं ठावं हाय, मग तू का रं न्हाईस आलास?

शाळेला उशीर होतोय म्हणून फोन ठेवला. आज रविवार आहे.