भिजत घातलेले साठ दात

चि. टिल्लू यास,

(साठी उलटली तरी मला तू टिल्लूच. तक्रार असल्यास वेगळ्या कागदावर लिही.) तुझा गुडघा, तुझा रक्तदाब आणि तुझी बायको, तिघांचंही बरं चाललंय असं धरून चालते. दात कसे आहेत? सहज विचारलं. आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त तुझी भाची गेले सतरा दिवस माझ्याशी बोलत नाही.

तू म्हणशील, ताई, तूच काहीतरी केलं असशील. तर ऐक. दातांच्या डॉक्टरकीतल्या मोठ्या पदवीसाठी तिला प्रबंध द्यायचाय. विषय असा, की दाताच्या मुळात जी केसाएवढी नळी असते, ती रूट कॅनाल करताना कशाने जास्त साफ होते? साध्या पिचकारीने औषध मारून, तेच औषध थरथरत्या सुईने घुसळून, की लेझरने? (यात दोन वर्षं गेली! मला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, आधी भिजत घाल.) त्यासाठी तिने दवाखाने पालथे घालून लोकांचे काढलेले साठ दात गोळा केले. एकाच मुळाचा हवा, किडका नको, भरलेला नको. आपल्या आत्याने खोली भाड्याने देतानासुद्धा एवढ्या अटी घातल्या नव्हत्या. वीस-वीसचे तीन गट, तीन बाटल्या. तीन तऱ्हांनी नळ्या धुऊन झाल्या, आता फक्त दात उभे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे राहिले होते. तेवढ्यात कॉलेजची प्रयोगशाळा रंगवायला काढली, म्हणून बाईसाहेब बाटल्या घरी घेऊन आल्या. आणि ठेवल्या कुठे, तर माझ्या ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी.

आता तूच सांग, स्वयंपाकाच्या ओट्यावर कुणाकुणाचे दात, तेही पिवळे, डागाळलेले. मी काय करायला हवं होतं? मी काही टाकून दिले नाहीत. तिन्ही बाटल्या एका टबात ओतल्या (तीन बाटल्यांनी उगाच जागा अडते), वर कपड्यांचं ब्लीच घातलं आणि दुपारभर भिजू दिले. पोरगी आली तेव्हा मी ते टॉवेलवर वाळत घातले होते. असे लख्ख झाले होते म्हणून सांगू! मला वाटलं, आता कौतुक होणार. तिने टॉवेलकडे पाहिलं, रिकाम्या बाटल्यांकडे पाहिलं आणि खालीच बसली. "आई, कुठला दात कुठल्या बाटलीतला?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तूच ओळख, डॉक्टर तू आहेस." टिल्लू, हे मी बोलायला नको होतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तेव्हापासून जी दातखीळ बसलीय ती बसलीच आहे.

तिच्या सरांनी तरीही चार दात चिरून पाहिले म्हणे. सगळे आतून सारखेच चकाचक. एवढी सफाई त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. (पिचकारीतलं औषधही त्या ब्लीचच्याच जातीचं असतं, हे मला मागाहून कळलं. म्हणजे माझं फार काही चुकलं नव्हतं, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं.) पण सर म्हणाले, प्रबंधात आईचा चौथा गट धरता येत नाही. नवे साठ दात आणा, सगळं पुन्हा करा आणि महिन्याअखेर द्या, नाहीतर वर्ष गेलं. तेव्हापासून मीच हातात स्टीलचा डबा घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतेय. (एका ठिकाणच्या बाई म्हणाल्या, "काकू, आमचं जेवण झालंय.") सत्तावन्न जमले. मी आणून तिच्या टेबलावर ठेवते, ती मोजते, बोलत नाही. फार वाईट वाटतं रे. चूक माझीच आहे. हे फक्त तुला लिहितेय, कुणाला दाखवलंस तर याद राख.

बाकी विशेष काही नाही. बायकोला माझी आठवण सांग.

तुझी,
ताई

ता. क. : तुझे खालचे पुढचे तीन दात हलतात ना? डॉक्टरांनी काढायला सांगून दोन वर्षं झाली, तू आपला ढिम्म. शुक्रवारी ये. घरी दोरा बांधून ओढू नकोस, मूळ मोडतं. अजिबात दुखत नाही.

आणखी एक ता. क. : पत्र काल टाकायचं राहिलं ते बरंच झालं. तुझे दोनच पुरतील. माझाही एक कधीचा हलत होता, तो आज सकाळी पोरीकडून काढून घेतला. एवढ्या दिवसांनी ती बोलली. "आई, आ कर," म्हणाली. मला रडूच फुटलं. तिला वाटलं दुखतंय, म्हणून बराच वेळ माझा हात धरून बसली. दुखतच होतं, टिल्लू. वर लिहिलंय ते खोटं आहे, पण तू ये.