गंगव्वाची घंटा

॥ ॐ नमः शिवाय ॥
मठवाडी, ता. उमरगा
६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शिवकन्या हीस अव्वाचे अनेक आशीर्वाद.

फोन का घेत नाही म्हणून रागावतेस. पण बाई गं, कानात ते यंत्र घातलं की नुसती शिट्टी वाजते, आणि तू काय बोललीस ते तुझं तुलाच ठाऊक. त्यापेक्षा तुझं अक्षर बरं. नातवंडांचा अभ्यास कसा चाललाय ते कळव.

तुझ्या भावाला, शांतलिंगाला, मठानं आपल्या हत्तिणीवर, गंगव्वावर, माहूत नेमलंय. जुने माहूत गफारचाचा वारल्यापासून ती कुणाचं ऐकेना. चाचा नुसतं बैठ गे माय म्हणायचे आणि ती बसायची. आपल्या चिरंजीवांनी कर्नाटकात जाऊन वेगळी विद्या आणली आहे. हातात अंकुश, पायाला साखळी आणि चुकलं की चारा बंद. चैत्रातल्या जत्रेत तिनं पाहुण्यांपुढं गुडघे टेकून हार घालायचा, असं विश्वस्तांनी ठरवलंय. परवा त्यानं तिच्या कानामागं अंकुश रुतवला तेव्हा मी तिथंच होते. ती हळूहळू बसली, पण बसताना त्याच्याकडंच बघत होती.

आणखी एक. काल भर दुपारी ती आपल्या परसाच्या भिंतीमागं उभी दिसली. शांतलिंगाला सांगितलं तर हसला. अव्वा, घंटा वाजली न्हाय, मग हत्तीण हलंल कशी, असं माझ्यासाठी ठेवलेल्या पाटीवर लिहून दाखवलं. अख्खं गाव असंच म्हणतं. तिच्या गळ्यातली घंटा वाजली की लेकरं घरात घ्यायची, आणि गप्प असली की ती ठाणावर आहे असं समजायचं, ही चाचांनी लावलेली सवय. मला घंटाच ऐकू येत नाही, म्हणून मी आपली डोळ्यांनी बघते.

मुलांना गोड पापा. तुझा लोभ असाच राहू दे.

तुझी,
अव्वा


सोलापूर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. अव्वास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. आधी कान गेले, आता डोळ्यांचीही पाळी आली वाटतं! उमरग्याला जाऊन डोळे तपासून घे, नाहीतर उद्या परसात उंटही दिसेल.

पण हसून झालं आणि मग झोंबलं. चाचांची मयत उठली त्या दिवशी गंगव्वा त्यांच्या रिकाम्या खाटेपाशी दिवसभर उभी होती. कुणी पाणी दाखवलं तरी प्यायली नाही. तेव्हा मी तिथंच होते. धाकट्याच्या पुस्तकात लिहिलंय, की हत्ती आरशात स्वतःला ओळखतो. माया करणारा माणूस जिच्या इतका लक्षात राहतो, ती मारणाऱ्याला विसरेल का? शांत्याला म्हणावं, हार घालायची हौस तुम्हाला आहे, तिला नाही. माझं तो ऐकणार नाही, तुझं तरी ऐकतो का बघ.

सगळ्यांना नमस्कार. माया आहेच, ती वाढत राहो.

तुझी,
शिवकन्या


मठवाडी
९ मार्च २०२५

चि. सौ. शिवकन्या हीस अनेक आशीर्वाद.

डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर नशिबानं मिळते. तेव्हा आता मी लिहिते ते नीट वाच.

शांतलिंगाचा अंकुश हरवला. त्यानं नवा करून आणला, तोही हरवला. गावातल्या पोरांवर संशय घेऊन त्यानं दोघांना बडवलं. काल दुपारी मी परसात भांडी घासत होते. भिंतीपलीकडं गंगव्वा आली. साखळीचं टोक तिनं खुंट्यावरून काढून सोंडेत उचलून धरलं होतं, आवाज होऊ नये म्हणून. तोंडात अंकुश होता. तो तिनं मातीत टाकला आणि पायानं वर माती लोटली, आपण रताळी पुरतो तशी. तिच्या घंटेत ओला चिखल गच्च भरला होता. मी भिंतीवरून बघत होते; ती ठाणाजवळच्या हौदापाशी परत गेली, सोंडेनं पाणी मारून घंटा धुतली आणि साखळीचं टोक पुन्हा खुंट्यावर अडकवून डोळे मिटून उभी राहिली. शिवकन्या, मी माणसांनाही इतकं शहाणं वागताना बघितलं नाही. मला तिची भीती वाटली, आणि दयाही आली.

त्याला सगळं सांगितलं. त्यानं जाऊन घंटा हलवली, ती खणखणीत वाजली असणार. मग मला चहा करून दिला आणि तुला ऊन लागलंय म्हणाला. अंकुशाची जागा दाखवायला हात धरून ओढलं, तर जत्रेनंतर येतो म्हणाला. तूच आता त्याला खडसावून लिही. मला एकच मुलगा आहे.

तुझी,
अव्वा


मठवाडी
२० मार्च २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं रागाचं पत्र मिळालं. फोनच केला असता, पण अव्वा म्हणते लिहूनच कळव, मला वाचता आलं पाहिजे. म्हणून ही शिक्षा.

अक्का, तुम्ही मायलेकींनी मिळून मला खाटीकच ठरवलंय. अगं, धाकाशिवाय एवढं धूड हलतं का? आणि गंगव्वा लई हुशार आहे. एकदा शिकवलेलं विसरत नाही, म्हणून तर काम सोपं जातंय. काल दोन्ही गुडघे टेकून तिनं शरणबसप्पा विश्वस्तांच्या गळ्यात हार घातला. ते खूश होऊन म्हणाले, जत्रा पार पडू दे, तुला कायम करतो. आजवर गावानं मला उडाणटप्पू म्हटलं, आता माहूत म्हणतात. हे मी हातचं जाऊ देणार नाही. परवापासून तिचा चारा थोडा कमी केलाय, नवा अंकुशही आणलाय. तो उशाशीच ठेवतो, बघू कोण चोरतं.

अव्वाचं मनावर घेऊ नकोस. हे लिहितोय तेव्हा घंटा एकदम गप्प आहे, म्हणजे बाईसाहेब झोपल्यात. मीही चिंचेखाली जरा आडवा होतो. जत्रेला सगळ्यांना घेऊन ये. धाकट्या भावावर लोभ ठेव, कान मात्र कमी उपट.

तुझा,
शांतलिंग


मठवाडी
११ एप्रिल २०२५

चि. सौ. शिवकन्या हीस अनेक आशीर्वाद.

तू शांतलिंगाला बघायला दवाखान्यात येऊन गेलीस, पण तेव्हा मठाची माणसं भोवती होती. तो जत्रेच्या मांडवावरून पडला, असं सगळ्यांनी तुला सांगितलं. शांतलिंगानंही तेच सांगितलं आणि माझ्याकडं बघून हात जोडले. म्हणून मी गप्प बसले. तो पडला नाही.

त्या दिवशी तुला पत्र लिहून तो चिंचेखाली झोपला होता. ती चालत आली, घंटा चिखलानं भरलेली. मी भिंतीवरून ओरडले, पण माझा आवाज निघाला की नाही तेही मला कळलं नाही. तिनं त्याच्या उशाचा अंकुश उचलून लांब फेकला. मग त्याच्या मांडीवर पाय ठेवला आणि हळूहळू भार दिला, तो तिला बसवायचा तसा. त्याचं तोंड उघडलेलं दिसलं. माझा जीव गेला होता, शिवकन्या. मग तिनं पाय काढून घेतला. सोंडेच्या टोकानं घंटेतला चिखल खरवडला आणि मान जोरजोरात हलवली. मला काही ऐकू आलं नाही, पण चारी बाजूंनी माणसं पळत येताना दिसली. मारायचा असता तर तिला क्षणही लागला नसता. या वेळी तिनं सोडला. पुढच्या वेळेचं कोण सांगणार?

आणि पुढची वेळ येणार होती. पाय जुळला की पुन्हा हत्तिणीवर बसणार, असं तो पाटीवर लिहून मला दाखवत होता. गेल्या आठवड्यात, कुणी कळवलं कोण जाणे, वनखात्याचे साहेब चौकशीला आले. या बाईला ऐकू येत नाही, तिला काही माहीत नाही, असं शरणबसप्पा त्यांना सांगत असावेत, कारण ते कानाला हात लावून हसत होते. मी घरातून कुदळ आणली, भिंतीमागं खणलं आणि दोन्ही अंकुश साहेबांच्या पायाशी ठेवले. मग गंगव्वाच्या कानामागच्या जखमा दाखवल्या आणि जे बघितलं ते सगळं सांगितलं.

परवा वनखात्याचा ट्रक येऊन गंगव्वाला घेऊन गेला. शांतलिंगाचं काम गेलं. तू माझं आयुष्य पुरलंस, असं त्यानं पाटीवर लिहिलं आणि पाटी भिंतीवर आपटून फोडली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तसंही मला ऐकू येत नाही. भाकरी पुढं ठेवली की तोंड फिरवून खातो. मी समोर बसून त्याला खाताना बघत राहते.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ तू तरी कमी करू नकोस.

तुझी,
अव्वा