मागची खोली आणि क्लोज्ड-बॅक हेडफोन

१ मे, गुरुवार
सुट्टी. निर्णय पक्का. मागची खोली माझी लिसनिंग रूम होणार. सासरे भगवंतराव अकोटहून कायमचे आमच्याकडे अमरावतीला येऊ म्हणतात, आणि साधनाचा डोळा त्याच खोलीवर. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण चाळिशीनंतर माणसाला शांतता लागते. रविवारी मी स्वतः जाऊन गोड शब्दांत 'नाही' सांगणार. साधना म्हणाली, "तुमीच सांगा मंग बाबाले." घाबरली असावी.

२ मे
अकोल्याला ऑफिसात दिवसभर हेडफोनचे रिव्ह्यू वाचले. ओपन-बॅक बाद. गाणं बाहेर गळतं आणि रोजच्या गाडीत बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत अख्खा डबा आपल्या आवडीवर मत देतो. क्लोज्ड-बॅकच हवा. आतलं आत, बाहेरचं बाहेर.
संध्याकाळी दुकानात. एकाचा बास म्हणजे नुसता डीजे. दुसऱ्यानं चष्म्याची काडी कानशिलात रुतवली. दुकानदार अनुपनं विचारलं, घरी पाहिजे का प्रवासाले? म्हटलं, दोन्हीकडे. मग हा घ्या म्हणे, घरात भांडण झालं तरी समजनार नाई. लगेच घेतला.

३ मे, सकाळी, शेगाव
प्रवासातली चाचणी अत्यंत यशस्वी. मूर्तिजापूर गेलेलं कळलं नाही. अकोलाही. रोजच्या डब्यातल्या नत्थुजींनी उतरताना खांदा हलवला होता, पण मी ऐन तानेत होतो. साहेबांना कळवलं, महाराजांचं बोलावणं आलं. दर्शन छान झालं.
संध्याकाळी: रेक्झिनच्या गाद्यांत कान उकडून निघाले. दर्जा म्हटला की थोडा त्रास आलाच.

४ मे, अकोट
नकाराची वाक्यं एसटीतच पाठ केली. जेवणाआधी मन स्थिर करावं म्हणून ओसरीवर हेडफोन लावून बसलो. द्रुत बंदिश सुरू झाली. मान आपोआप डोलायला लागली. डोळे उघडले तर सासरे समोर बसून काहीतरी बोलत होते. मध्येच हेडफोन काढणं बरं दिसलं नसतं. समेवर डोळे मिटून आणखी जोरात मान हलवली. सासऱ्यांनी डोळे पुसले. मेहुणा अमोल पाया पडला.
जेवणात तुपाची धार थांबेना. खोलीचा विषय कुणीच काढला नाही. माझ्या नुसत्या बसण्यातला ठामपणा त्यांना कळला. काही माणसांना शब्द लागत नाहीत.

७ मे
घरात सगळं फार गोड चाललंय. साधनानं मागच्या खोलीला रंग दिला, कूलर बसवला. माझ्या लिसनिंग रूमला! संकोच वाटला. एवढं कशाला, म्हटलं. तर म्हणाली, "तुमी इतकं मोठं मन केलं, मंग मी एवढंबी नको करू?"
मोठं मन? असो.

११ मे, रविवार
टेम्पो आला. पलंग, तुरीची पोती आणि भगवंतराव. मला मिठीच मारली. म्हणाले, "जवाईबापू, मी घडीघडी इचारलं, येऊ काय म्हनून. तुमी दरवेळेस मान हालवली. शेवटी त डोये मिटून हालवली."
मी खुलासा करणार होतो. पण तोवर माझ्या खांद्यावर पोतं आलं होतं.

१२ मे
साधनाला खरं सांगून टाकलं. त्या वेळी माझ्या कानात गाणं होतं, बाबांचा एक शब्द ऐकला नव्हता. ती कांदा चिरत होती. हात थांबला नाही.
म्हणाली, "मले मालूम हाये. गानं चालू हाये तवाच इचारून घ्या, असं मीच बाबाले फोनवर म्हटलं."
मग उरलेले कांदे माझ्याकडे सरकवले.