लेबल नसलेला तुकडा

मंगळवार, ३ फेब्रुवारी
तंगूस जिंकली, मी हरले! मासे धरायची ती नायलॉनची तंगूस आज विणायच्या मशीनवर घातली. दोन ओळी गुणी बाळासारख्या आल्या. तिसऱ्या ओळीला सुयांवरची गाडी जी अडकली, ती हलेचना. तीन सुया वाकल्या. शेवटी कात्री.

सासरेबुवा खिडकीशी पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "स्वेटर होतोय की जाळं? जाळं असेल तर सांग, मासे आणायला पिशवी काढून ठेवतो."

मशीन त्यांचं. चाळीस वर्षं त्यावर शाळांचे राखाडी स्वेटर विणले. चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तसं त्यावर चादर टाकली. "सरळ ओळ येत नाही, तर हात लावायचा नाही." ती चादर मी काढली. तेव्हापासून त्यांची करमणूक चालू आहे.

शुक्रवार, ६
जुन्या कॅसेटची फीत — झकास विणली जाते! काळी, चकचकीत. वरून मेण चोळून इस्त्री फिरवली. मेण इस्त्रीला चिकटलं, इस्त्रीचं यांच्या शर्टाला. "तुझ्या प्रयोगात माझा बळी का?" म्हणून हे ऑफिसला निघेपर्यंत ओरडत होते. डाग फार सुरेख उमटला होता, पण बोलायची सोय नव्हती.

थरथरीच्या गोळ्या डॉक्टरांनी देऊन महिना झाला. सासरेबुवांनी पाकीट फोडलेलं नाही. "सुस्ती येते." सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

सोमवार, ९
सगळे नमुने उकळत्या पाण्यात टाकून घुसळले. लोकर आटते, तंगूस आटत नाही, मग कापडाला फुगे येतात. बादलीतून एक तुकडा वर आला — अहाहा! राखाडी लोकर आणि तंगूस, पण टाके कुठे घट्ट, कुठे सैल. वाऱ्यानं पाणी हलावं तसं सगळं कापड हलतंय.

आणि लेबल नाही!! सूत, टाके घट्ट-सैल करायच्या डायलचा नंबर, वरची प्रक्रिया — तिन्ही कापडी पट्टीवर लिहून शिवल्याशिवाय मी दुसऱ्या तुकड्याला हात लावत नाही. हा विणल्याचंसुद्धा आठवत नाही. साठी लवकर आली की काय मला?

सासरेबुवांना दाखवला. "वाकडा आहे. टाकून दे." पुन्हा पेपरात डोकं.

गुरुवार, १२
कापडाचं प्रदर्शन भरवणाऱ्या बाई माझे नमुने बघायला आल्या. एकतीस नमुने मांडले होते. त्यांनी नेमका तोच उचलला! "हाच. दीड मीटर लांब करून द्या, सव्वीसला भिंतीवर लावू."

भिंतीवर! माझं काम! इतकी वर्षं फक्त घरच्यांनी नावं ठेवली, आता परकी माणसंही ठेवतील. किती आनंद झालाय म्हणून सांगू! "जमेल ना?" "हो तर!" म्हणून मोकळी झाले. कसं, ते देवाला ठाऊक.

सासरेबुवा म्हणाले, "लोकर आवडली असणार तिला. वाकडेपणा कोण मागतंय?" आणि जेवण झाल्यावर कुणी न सांगता गोळी घेतली! सूर्य कुठून उगवला होता आज?

सोमवार, १६
डायल चार — पुठ्ठा. पाच — मऊ पुठ्ठा. सहा, सात — टाके कवायतीला उभे. आठ — चहाची गाळणी. उकळून उकळून बोटांची सालं निघाली.

"अडतंय का गं फार?" सासरेबुवा. "दीड मीटर कसलं, वीतभर जमत नाहीये!" म्हणून खेकसले. पेपर घेऊन खिडकीशी गेले बिचारे. मग मलाच वाईट वाटलं.

गुरुवार, १९
नाही. नाही. नाही!

सोमवार, २३
नव्या सुया आणायला गेले होते, पिशवी विसरले म्हणून अर्ध्यातून परतले. दारात मशीनच्या गाडीचा आवाज. आत बघते तर सासरेबुवा मशीनवर! उजवा हात गाडीवर, डाव्या हाताच्या बोटांतून लोकर आणि तंगूस सोडतायत. मी मशीनच्या तारेतून सोडते, सूत सारखं ताणलं जातं. ते जुन्या सवयीनं हातानं सोडतात. तेव्हा डोक्यात उजेड पडला. डायलचा नंबर कसला शोधत होते मी! ती त्यांच्या हाताची थरथर होती.

"तो तुकडा माझा," म्हणाले. "तू भाजीला गेलीस तेव्हा बसून बघितलं. लाज वाटली, म्हणून तुझ्या ढिगात घातला. पण बाईंनी तोच दीड मीटर मागितला ना, मग गोळ्या सुरू केल्या. आता बघ!"

बघितलं. हातभर पट्टी. एकूण एक टाका सरळ.

"चार वर्षांनी, पोरी!" डोळे भरून आले होते त्यांचे. सव्वीसपर्यंत गोळ्या बंद ठेवा — एवढंच म्हणायचं होतं मला. अगदी जिभेवर आलं होतं. "किती सुरेख आली, बाबा," म्हटलं.

गुरुवार, २६
बाईंना फोन करून नाही म्हणाले. मग खूप रडले, तोंड धुतलं. बाबांना सांगितलं, बाईंचाच बेत बदलला. "कदर नाही लोकांना सरळ कामाची!" म्हणून तासभर बडबडत होते.

वाकड्या तुकड्याला लेबल शिवलं. सूत: राखाडी लोकर, तंगूस. डायल: सहा. प्रक्रिया: उकळतं पाणी. हात: बाबांचा. कपाटात ठेवलाय, कुणाला देणार नाही.

मग कॅसेटची फीत घेऊन मशीनवर बसले, तोच मागून आवाज — "सरक. माझी पाळी."