रावणाची सहा डोकी कापली गेली, त्याबद्दल

ती. दाजीमामा यांस,

पिंगुळीहून देवेशचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे फार वाकलो नाही, भावना समजून घ्या.) तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि खारेपाटणचा नळ ही तिन्ही बरी चालत असतील अशी आशा आहे. तुम्ही फोन उचलत नाही आणि उचललात तर उलटा धरता, म्हणून हे पत्र.

विषय काशीआत्येचा. चित्रं दाखवत रामायण गातात त्या आपल्या चित्रकथीच्या चित्रांवरून मी कॉम्प्युटरवर रावणाच्या दरबाराचं छोटं ॲनिमेशन केलं. त्यातल्या मंदोदरीला आत्येचा आवाज आहे. परक्याची बायको परत पाठव म्हणून मंदोदरी नवऱ्याला गाण्यातून झापते. आत्येने ते इतक्या मनापासून गायलं, की तिचे यजमान जेवणावरून उठून परसात जाऊन उभे राहिले. (त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी निघालं.) तिची लेक तन्वी मस्कतला असते. लग्न झाल्यापासून तिने आईचं गाणं ऐकलेलं नाही, म्हणून हे नेटवर चढवायचं ठरलं, आणि आत्येने सगळ्या वाडीला शनिवारी ओसरीवर बोलावून टाकलं.

मामा, चित्रं हलवणं सोपं असतं. हललेली चित्रं कॉम्प्युटरमधून काढून लोकांच्या फोनात घालताना माणूस रडकुंडीला येतो. पहिली फाइल एवढी जड झाली की आमच्या नेटवर ती म्हशीसारखी बसली आणि उठेना. मग मी ती दाबली. जरा जास्तच दाबली. व्हॉट्सॲपवर पाठवली तेव्हा चित्राचा लालभडक चिखल झालेला. आत्या बराच वेळ बघून म्हणाली, "ह्यो रावण? माका वाटला कोणी रातांबे वाळत घातल्यानी."

मग कळलं, की हल्ली लोक फोन उभाच धरतात, म्हणून चित्रही उभंच हवं. आता दहा डोक्यांचा माणूस उभ्या चौकटीत मावणार कसा? कडा कापल्या गेल्या आणि चारच डोकी उरली. "बाकीची सा खंय गेली रे?" असं आत्येने विचारलं, तेव्हा मी पाच वर, पाच खाली अशी रचून दिली. रावण जेवणाच्या डब्यासारखा दिसू लागला. तोवर माझ्याकडे 'शेवटची', 'अगदी शेवटची' आणि 'देवाशपथ शेवटची' अशा फायली जमल्या होत्या.

शनिवारी ओसरी भरली. आत्या नवी साडी नेसून पुढच्या खुर्चीत. मी घाईत सगळ्यात हलकी फाइल उघडली. ती होती जिफ. म्हणजे चित्र हलतं, संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि आवाज अजिबात नसतो. पडद्यावर मंदोदरी तोंड उघडते आणि मिटते, उघडते आणि मिटते. आत्या शेजारच्या आनंदीवहिनीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "माका ऐकाक येना झाला काय गो?"

मामा, मी बंद करायला धावलो तर आत्येने हात धरला. "ऱ्हवांदे. तिचा तोंड हलूंदे. मी म्हणतंय."

आणि ती उभी राहून गायली. चित्र संपलं की पुन्हा सुरू, म्हणून तीही पुन्हा सुरू. मंदोदरी दमेना, आत्या हटेना. चहा गार झाला, पण एक माणूस हलला नाही. तिचे यजमानसुद्धा या वेळी जागेवर बसून राहिले. आनंदीवहिनीने फोन उभा धरून ते सगळं टिपलं. चित्र थरथरतं, कोपऱ्यात माझ्या रावणाचं जेमतेम दीड डोकं, आणि मध्ये आत्या. तेच जिकडेतिकडे फिरलं. ते मस्कतला पोचलं आणि तन्वीचा फोन आला. ती म्हणाली, "आये, मधी पाणी तरी पी गो." आत्येने तेवढ्यावर दोन दिवस काढले. माझ्या मेहनतीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, ते असो.

मामींना नमस्कार.

तुमचा,
देवेश

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच. आत्येला आता कुंभकर्ण हवा आहे. काम तुम्हालाच द्यावं असं तिचं मत आहे. पाठांतर काही नाही, फक्त घोरायचं.

आणखी ता. क. तुम्ही नाही म्हणाल हे मामींना ठाऊक होतं, म्हणून परवा दुपारी त्यांनी तुमच्या उशाशी फोन ठेवून काम उरकलं. वाडीने ऐकलं, पसंत आहे. तेव्हा परवानगी तेवढी लिहून पाठवा. मागची तारीख घाला.